डालड्याच्या डब्यातलं संत्रं

पांढुर्णा,
दि. २० फेब्रुवारी १९८६

ती. सौ. ताईस,
मोरेश्वरचा शि. सा. न. वि. वि.

बसच्या कंडक्टरबरोबर पाठवलेली टोपली पोचली. केशवराव भाऊजींच्या बागेतली संत्री यंदा फार गोड आहेत. अर्धी तुझ्या भाचीनेच संपवली. टोपलीतली तुझी चिठ्ठी मात्र आंबट लागली. अनूची आई जयश्री मे महिन्यापर्यंत शिक्षिकेच्या ट्रेनिंगला छिंदवाड्यात, मी दिवसभर किराणा दुकानात, अडीच वर्षांच्या पोरीची आबाळ होते, म्हणून पाडव्याला येऊन अनूला सौसरला घेऊन जाते, असं तू परस्पर ठरवून टाकलंस. आई गेल्यावर तू मला वाढवलंस, तुझ्या शब्दाबाहेर मी नाही. पण पोरगी माझ्याजवळच राहू दे, एवढं मागतो. मी तिला घरीच शिकवून राहिलो.

शाळा गल्ल्याजवळच्या तांदळाच्या पोत्यावर भरते. विद्यार्थिनी एक, मास्तर एक, आणि रोज नापास होतो तो मास्तर. काल सकाळी भिजवलेले चणे फुगलेले पाहून तिने विचारलं की यांना कोणी जेवू घातलं. बारा वर्षं मी चणे विकतो आहे, पण मूठभर भिजवून त्यांच्याकडे कधी पाहत बसलो नव्हतो. काल दोघंही बसलो. तुळशीराम हळद मागून मागून थकला आणि स्वतःच तोलून घेऊन गेला.

आता आकडे सुरू केले आहेत. ‘एक’ पक्कं व्हावं म्हणून तुझ्या संत्र्याची एक बी तिच्याच हाताने डालड्याच्या डब्यात लावली. एक डबा, एक बी, एक झाड. तू हसशील, या मुलखात संत्र्याची बी कोण लावतं, सारे कलमंच आणतात. पण तिला कलम कसं समजावू?

भाऊजींना नमस्कार. राग धरू नकोस. धरलास तरी संत्री थांबवू नकोस.

तुझा धाकटा,
मोरेश्वर


सौसर,
दि. २६ फेब्रुवारी १९८६

चि. मोरेश्वरास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून तुझे भाऊजी हसले, मी नाही. पोरगी पोत्यावर, बाप चण्यात आणि तराजू तुळशीरामच्या हाती! मागच्या खेपेला तिच्या केसांत गूळ चिकटलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे.

तू तिच्याएवढा होतास तेव्हा मी चौदाची. मोहगावच्या आपल्या घरामागे विहिरीच्या काठावर कोळशाने आकडे काढून तुला शिकवायची. शेजारी कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा ढीग असायचा. अजून कुठे पऱ्हाटी जळाली की त्या वासाने मला ती विहीर आणि उघडानागडा तू आठवतोस. पुढे शंभरपर्यंत पाठ झाले तुझे. ते लाडाने नाही झाले, माझ्या हातात चिंचेची काडी असायची.

पाडव्याला, दहा एप्रिलला, मी येतेच. तिचे फ्रॉक धुऊन ठेव. जिवाला जप, जेवण वेळेवर करत जा.

तुझी ताई,
देवका


पांढुर्णा,
दि. २८ मार्च १९८६

ती. सौ. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझंच खरं निघालं. महिनाभर अनू रोज सकाळी डब्याला कान लावायची आणि येऊन सांगायची की बी झोपून राहिली. मलाही त्याचा नाद लागला होता; दुकान उघडण्याआधी मी डबाच पाहायचो. परवा कोंब आला. पण एक नाही, दोन. दुसरी बी कधी टाकलीस म्हणून विचारलं, तर म्हणाली नाही टाकली. तीनदा विचारलं, तिन्ही वेळा तेच. मी चिडलो. खोटं बोलणाऱ्या मुलीशी बाबा बोलत नाही, असं सांगून दुकानात निघून गेलो.

काल पाहतो तर डब्यात एकच कोंब. दुसरा उपटलेला तिच्या मुठीत होता. चोरी पकडली गेली म्हणूनच ना? तेव्हापासून ती पोत्यावर बसते, पण काही विचारत नाही. आकडे म्हण म्हटलं तर एक म्हणते आणि थांबते. दोन म्हणतच नाही.

माझ्या हाताखाली पोरगी खोटं शिकली आणि मुकीही झाली. पाडव्याला घेऊन जा. फ्रॉक धुऊन ठेवले आहेत.

तुझा,
मोरेश्वर


सौसर,
दि. ३१ मार्च १९८६

चि. मोरूस आशीर्वाद.

पत्र आलं तशी लिहायला बसले, भाजी चुलीवरच आहे. मोरू, पोरगी खरं बोलली. संत्र्याच्या एका बीतून दोन कोंब येतात, कधी तीनही येतात. इथे शेंबड्या पोरालाही ते ठाऊक असतं. पण आपण कापसाची माणसं, आपल्याला कोण सांगणार? मलाही लग्नानंतर सासऱ्यांच्या वाफ्यात कळलं.

आता जे लिहिते ते तुझ्या भाऊजींनाही कधी सांगितलेलं नाही. तू साडेतीन वर्षांचा असताना विहिरीजवळ बाजारच्या संत्र्याची एक बी लावली होतीस. दोन कोंब आले तसा मला सांगायला धावत आलास. मी तुला खोटारडा म्हटलं आणि पायावर काडी मारली. तू रडला नाहीस. जाऊन दोन्ही कोंब उपटलेस आणि विहिरीत टाकलेस. पुढे शंभरपर्यंत पाठ केलेस, पण काही दाखवायला माझ्याकडे पुन्हा कधी धावत आला नाहीस. पोरगं शहाणं झालं, असं मी चारचौघांत सांगत होते.

सासरी वाफ्यात तो जोडकोंब पाहिला तेव्हा मी तिथंच मातीत बसून रडले. तुला सांगू सांगू करत पंचवीस वर्षं गेली.

अनूला मी नेणार नाही. ती तुझ्याजवळच राहील. घटकाभर दुकान बंद कर आणि तिच्यासमोर कान धर. जमलं तर मलाही माफ कर.

तुझी,
देवका


पांढुर्णा,
दि. ७ एप्रिल १९८६

ती. सौ. ताईस,
मोरेश्वरचा शि. सा. न.

ती विहीर मला आठवते, तुझी काडी आठवत नाही. पण पत्र वाचताना हात आपोआप पायावर गेला, तेव्हा आत कुठे तरी असेलच. माफीचं काय घेऊन बसलीस? तुझ्या अंगाखांद्यावरच तर वाढलो मी.

दुकान बंद केलं. अनूसमोर जमिनीवर बसून कान धरले आणि सांगितलं की तू खरं बोललीस, बाबालाच येत नव्हतं. तिने नुसतं पाहिलं आणि उठून गेली. तीन दिवस तसेच गेले. ताई, त्या तीन दिवसांत मी फार घाबरलो होतो.

आज सकाळी भर गिऱ्हाइकीत ती आली आणि माझं बोट धरून मला ओढत डब्याजवळ घेऊन गेली. उरलेल्या कोंबाला लागून आणखी एक वर आला आहे, मोहरीच्या दाण्याएवढा. मी आनंदाने दोन म्हणालो, तर तिने मान हलवली. फ्रॉकच्या खिशातून तो उपटलेला, वाळून गेलेला कोंब काढला, मातीवर ठेवला, आणि एकेकाला बोट लावत एक, दोन, तीन मोजले. मग नव्या कोंबाकडे पाहत हळूच मला विचारलं की हा राहू द्यायचा का.

मी नुसतं तिला उचलून घेतलं. गिऱ्हाइकं आज आपापलंच तोलून घेऊन गेली.

पाडव्याला नक्की ये. बसस्टँडवर आम्ही दोघं डबा घेऊन उभे राहू. तुला कोंब दाखवायचे म्हणून अनू आतापासून उड्या मारून राहिली. आणि ताई, मलाही दाखवायचे आहेत.

तुझा,
मोरू