बंद खोलीत घेतलेलं नाव

वलगाव, मंगळवार

प्रिय गीता,

फोनच केला असता, पण सात वर्षांपूर्वीच्या त्या बैठकीनंतर तू परिषदेतल्या सगळ्यांचेच नंबर बंद करून टाकलेस, त्यात माझाही गेला. म्हणून हे पत्र, तुझ्या अकोल्याच्या पत्त्यावर. उभी असशील तर बस. आपल्या संस्कार परिषदेची जिल्हाध्यक्ष मी झाले! हो, मीच, दामिनी, वलगावची फुलंवाली. शेवटपर्यंत वाचल्याशिवाय पत्र फाडू नकोस, तुला माझी शप्पथ आहे.

तू गेलीस तेव्हा गट एकच होता, चंद्रभानभाऊंचा. मग परतवाड्याचे महादेवराव दुसऱ्या पक्षातून आले आणि दोन झाले. देव एक, झेंडा एक, भाषणंसुद्धा तीच, पण एकाने गोरक्षणाची फेरी काढली की त्याच दिवशी दुसऱ्याची दारूबंदीची सभा. एकाच्या घरी लग्नाला गेलं की दुसऱ्याच्या घरचा चहा बंद. मी मात्र दोन्हीकडे जायचे, कारण हार दोघांनाही लागतात.

आपली निवडीची रीत तुला पाठ आहे, तरी लिहिते, कारण सगळी गंमत तिथेच झाली. मतपेटी नाही, हात वर करणं नाही. निरीक्षक बंद खोलीत बसतो, एकेक सक्रिय सदस्य आत जाऊन आपल्या मनातलं नाव सांगतो. कोणी कोणाचं घेतलं ते तो फोडत नाही, आकडे तेवढे सांगतो. मग एकच नाव जाहीर होतं आणि पडलेल्यांनीच उभं राहून ते 'एकमतानं' सुचवायचं. यंदा दोघांनाही आपली डोकी वाढवायची घाई. बाहेरचा माणूस घ्यावा तर तो उद्या फुटायचा. मग दोघांनीही घरातल्या बायकांचे फॉर्म भरले! आई, बायको, वहिनी, सून, साळी, कोणी सोडली नाही. सह्याही यांनीच ठोकल्या. चंद्रभानभाऊंच्या एक्केचाळीस, महादेवरावांच्या अडतीस. आणि अक्षर चांगलं म्हणून दोघांच्याही याद्या उतरवायला आल्या माझ्याकडे. म्हणजे बायका एकोणऐंशी, आणि पुरुष सगळे मिळून बासष्ट. बेरीज करायचं त्या दोघांपैकी एकालाही सुचलं नाही, बाप्पा! एकमेकांची माणसं मोजण्यातच त्यांचा जन्म चाललाय.

मी शेवंती तोडली, परडी स्कूटीला लावली आणि दुपारी पुरुष बाहेर असताना घरोघरी फिरले. तुमचं नाव कागदावर आहे, तुम्हाला माहीत आहे का, एवढंच विचारायचे. बहुतेकींना पत्ताच नव्हता. महादेवरावांच्या आई गंगूबाई तर अशा भडकल्या की मला वाटलं आता परडी रस्त्यावर जाते. "माही सई माह्या पोट्ट्यानं केली? काहून? मले सई येत नाई का? चवथी शिकली मी!" मग म्हणाल्या, आता जाऊनच सांगते नाव, अन् माह्या मनातलंच सांगते. सुनांना सोबत घ्यायचं कामही त्यांनीच केलं. मी सगळ्यांना एकच सांगत होते, खोलीत नवऱ्याचं नाव घेऊ नका, लेकाचं घेऊ नका, जे खरं वाटतं ते घ्या. हे सांगताना दर वेळी माझी जीभ अडखळायची.

निवडीच्या दिवशी अकोल्याहून धर्मपालजी निरीक्षक म्हणून आले. दोन्हीकडचे पुरुष रांगेत, प्रत्येकाचं तेच, बाईचे गुडघे दुखतात, तिचं नाव मीच सांगतो. धर्मपालजी म्हणाले, मला गुडघ्यांचं मत नको, बाईचं पाहिजे. तेवढ्यात परतवाड्याच्या तीन जीपा दारात. पुढच्या जीपमध्ये ड्रायव्हरशेजारी गंगूबाई! महादेवरावांचं तोंड पाहायला तू हवी होतीस गं. मागून चंद्रभानभाऊंच्या वहिन्या, सुना, सगळ्या ऑटोंतून उतरल्या. माझं नाव घ्या असं मी एकीलाही म्हटलं नव्हतं, पण दारात येऊन विचारणारी मीच एकटी, म्हणून दोघांच्या नावांची बेरीज केली तरी माझं नाव जास्त वेळा निघालं. मग रीतीप्रमाणे चंद्रभानभाऊंनी माझं नाव सुचवलं, घसा तीनदा खाकरून, आणि महादेवरावांनी अनुमोदन दिलं. दोघांनीही आपापल्या विजयासाठी अकरा-अकरा फुटांचे हार सांगून ठेवले होते, माझ्याच मळ्यातल्या फुलांचे. दोन्ही माझ्याच गळ्यात पडले. मान मोडायची पाळी आली, पण मी ते उतरवले नाहीत. तशीच स्कूटीवर बसून गावात आले. लय मजा आली, खोटं कशाला बोलू.

आता खरं लिहिते. येत्या रविवारी पदग्रहण आहे, आणि तिथे सगळ्यांसमोर मी एक गोष्ट सांगणार आहे. ती तुला दुसऱ्याच्या तोंडून कळू नये म्हणून हे पत्र. सात वर्षांपूर्वी तालुकाध्यक्षपदासाठी चंद्रभानभाऊंसमोर तुझं नाव होतं. बारा विरुद्ध अकरा, एका नावानं तू पडलीस आणि सगळ्यांवर संशय घेत अकोल्याला निघून गेलीस. ते एक नाव माझं होतं, गीता. भाऊ मला म्हणाले होते, गीतांजली फार बोलते, तू समजूतदार आहेस. मला ते समजूतदार म्हणणं इतकं गोड लागलं की खोलीत जाऊन मी त्यांचं नाव घेतलं, आणि बाहेर येऊन तुझ्या गळ्यात पडून रडले. हे ऐकून बायका मला त्याच दिवशी खाली उतरवतील, तर उतरवू देत. पण यादीतून तुझं नाव कोणी काढलेलं नाही, आणि परवाच्या मोजणीत तुझ्या नावावर एक मत पडलं. सगळे चकित, सात वर्षं जिचं तोंड दिसलं नाही तिला कोणी दिलं? ते एकट्या धर्मपालजींना ठाऊक, आणि ते सांगायचे नाहीत. ते मी दिलं.

तुझीच, म्हणू देशील तर,
दामिनी