चार नंबरचा कंटेनर

सानगडी,
१८ नोव्हेंबर २०२५

प्रिय कुंदनभाऊ,

सप्रेम नमस्कार. कोंढ्याकडचं धान कापून झालं असेल. करुणावहिनींचा गुडघा आता कसा आहे? इकडे थंडी पडायला लागली.

आपल्या बॅटरी केंद्रात नवीन मुलं आली आहेत. त्यांना शिकवताना तुमचीच वाक्यं तोंडात येतात. ग्रिडची फ्रीक्वेन्सी पन्नास हर्ट्झच्या खाली घसरली की बॅटरीनं वीज द्यायची, वर चढली की ओढून घ्यायची, हे पुस्तकातही असतं. पण "बॅटरीले ठेसून चारू नोको, उपाशीबी ठेवू नोको, तं ती म्हातारपणापर्यंत साथ देते," हे तुम्हीच सांगितलं. मोहाच्या झाडाखाली डबे उघडायचो तेव्हा वहिनींच्या हातची लाखोळीची डाळ तुम्ही न विचारता माझ्या डब्यात ओतायचा. फार आठवतात ते दिवस.

मागच्या आठवड्यात बॅटऱ्यांचा चार नंबरचा कंटेनर उघडला. बाकीच्यांची क्षमता त्र्याण्णव टक्के उरली आहे, याची एकाहत्तर. आतले सेल फुगलेले. तपासायला आलेले इंजिनिअर म्हणाले, "हे सेल पहिल्यापासूनच खराब होते. तेव्हा बंद केला नसता, तर आग लागली असती."

तेव्हा म्हणजे दोन वर्षांपूर्वीची ती दुपार. फ्रीक्वेन्सी एकोणपन्नास पॉइंट सहावर आलेली, जास्त वीज द्या म्हणून वरून हुकूम, आणि तुम्ही चार नंबर बंद केला. तापमानाची नोंद सिस्टीममध्ये राहिली नाही. 'घाबरून बंद केला' असा ठपका ठेवून तुम्हाला घरी पाठवलं.

भाऊ, मी तुमच्या मागेच उभी होते. चार नंबरच्या तापमानाचा एकसष्ट अंशाचा आकडा मीही पाहिला होता. चौकशीत विचारलं तेव्हा मी म्हणाले, "माझं लक्ष नव्हतं." नोकरी कायम व्हायला दीड महिना उरला होता. तुम्हाला ते ठाऊक होतं, म्हणून तुम्ही माझं नाव एकदाही घेतलं नाही. उलट फाटकापाशी मलाच म्हणालात, "रडून काहून राहिली? तुही तं आता सुरुवात हाय."

सोमवारी मी सगळं लिहून दिलं, सहीनिशी. साहेबांनी ते वाचलं. मग विचारलं, "इतके दिवस काहून चूप होती?" सध्या मला शिफ्टवरून काढलंय, पुढचं ठरायचं आहे. तुमच्यावरचा ठपका मात्र मागे घेतला. तसं पत्र येईल, कदाचित परत बोलावतीलही. यायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

'माफ करा' असं दोनदा लिहिलं आणि खोडलं. ते समोर येऊनच म्हणायला हवं. तुम्ही येऊ द्याल तेव्हा येईन.

फार उशिरा खरं बोललेली,
रुचिका