रविवारऐवजी सोमवार मिळण्याबाबत

प्रति,
मा. न्यायाधीश,
कौटुंबिक न्यायालय.

विषय : घटस्फोटानंतर मुलीला भेटण्याचा ठरलेला वार बदलून मिळणेबाबत.

संदर्भ : १) मुलीचा ताबा व भेट यांबाबत आपला आदेश.
२) माझी भेट बंद करावी म्हणून मुलीच्या आईने दिलेला तक्रार-अर्ज.

महोदया,

वरील विषयास अनुसरून सविनय सादर करतो की,

१. मी केशकर्तनालयात दुसऱ्या खुर्चीवरचा कारागीर आहे. दुकान मालकांचे आहे. आपल्या आदेशानुसार मुलगी आईकडे राहते व दर रविवारी दिवसभर माझ्याकडे असते. रविवारी जगाला सुट्टी असते, हे मान्य. पण म्हणूनच सगळे जग रविवारी केस कापायला येते. आमची सुट्टी सोमवारी. आपण "रविवार चालेल ना?" असे विचारलेत, तेव्हा नाही म्हटले तर तोही हातचा जाईल या भीतीने मी मान डोलावली. दिवसभर लोकांना "मान हलवू नका" सांगणारा मी! मालकांनी तर स्वच्छ बजावले आहे, "रविवारी खुर्ची रिकामी ठेवलीस, तर मग कायमचीच रिकामी कर."

२. सबब ठकी (मुलीचे घरातले नाव, दुसरीत शिकते) रविवारभर दुकानातल्या बाकावर गिऱ्हाइकांमध्ये बसते. माझी तिच्याकडे पाठ असते. आम्ही एकमेकांना आरशात बघतो. ती काहीतरी सांगू लागते, तेवढ्यात कुणीतरी म्हणते, "कानामागे जरा बारीक करा हं."

३. पोरगी माझ्यावर गेली नाही, हुशार आहे. खुर्चीत बसणाऱ्याशी बाबा मन लावून बोलतात, हे तिने हेरले आणि एका रविवारी ती रांगेतच बसली. एक गृहस्थ पुढे सरसावले, तर म्हणाली, "काका, माझा नंबर आहे. तुमच्या आधी आलेय मी." खुर्चीवर आडवी फळी टाकून मी तिला बसवले, गळ्याभोवती कापड बांधले, आणि तिने आठवडाभराचे सगळे सांगितले : हललेला दात, रुसलेली मैत्रीण, पाठ न झालेला पाढा. मी नुसती हवेत कात्री वाजवत होतो. पण मालकांचे म्हणणे पडले, की खुर्चीत माणूस असले की काम दिसले पाहिजे. म्हणून बोटभर कापले.

४. पुढच्या रविवारी ती पुन्हा रांगेत. नुसते डोके धुऊन देतो म्हटले, तर म्हणाली, "धुणं लगेच संपतं, बाबा." मग पुन्हा बोटभर. अशा रीतीने दोन वेण्या होत्या त्यांची एक झाली, मग केस खांद्यापर्यंत आले, मग कानापर्यंत. आता वर्गातल्या मुली तिला "दादा" म्हणतात. तिला त्याचे काही नाही. मला आहे.

५. संदर्भ क्र. २ मध्ये मुलीच्या आईने लिहिले आहे, की मी सूड म्हणून पोरीला भादरले. हे साफ खोटे आहे. परंतु त्या वेण्या ती रोज सकाळी, दवाखान्यातल्या नोकरीवर निघायच्या घाईतसुद्धा, स्वतः घालायची. तिच्या जागी मी असतो तर मीही तक्रार केली असती. तिला समजावायला गेलो, तर दारातच तिने माझी बिनपाण्याने केली, आणि तेही मला बरोबरच वाटले. पण म्हणून भेट बंद करू नये. भेट बंद झाली तर ठकी कुणाला सांगेल, आणि मी कुणाचे ऐकू?

६. उपाय सोपा आहे. ठकीची शाळा दुपारी सुटते. सोमवारी आई कामावर असल्याने ती शेजारच्या काकूंकडे बसून असते. त्याच वेळी मी इथे बंद दुकानात, त्याच खुर्चीत, उगाच कात्र्या पुसत बसलेला असतो. हा अर्जही तिथेच लिहीत आहे. तीनदा फाडला, चारदा उठून फेऱ्या मारल्या. शाळा सुटून तास झाला असेल. तरी मला सोमवारी दुपार ते संध्याकाळ द्यावी. आईला तिचा एकुलता सुट्टीचा रविवार मुलीसोबत परत मिळेल. यात कुणाचेच नुकसान नाही, मालकांचेसुद्धा नाही.

७. निकाल लवकर व्हावा, ही कळकळीची विनंती. तारीख पुढे गेली तर मधे रविवार येतो. ठकी येईल, नंबर लावील, फळीवर चढून बसेल आणि म्हणेल, "बाबा, सावकाश कापा." तिच्या डोक्यावर आता कापण्याजोगे काही उरलेले नाही. त्या वेळी मी काय करावे, याबाबत मार्गदर्शन व्हावे.

आपल्या निकालाकडे डोळे लावून बसलेला,
(सही)
अर्जदार, ठकीचा बाप

दिनांक : आज, सोमवार. दुकान बंद.

सोबत :
१) सोमवारी दुकान बंद असल्याबाबत मालकांचे पत्र.
२) शाळा सुटण्याच्या वेळेचा दाखला.
३) ठकीचे आजवर कापलेले केस, एका पुडीत. एकही फेकलेला नाही. पाहून झाल्यावर पुडी तिच्या आईकडे द्यावी.