निष्पाप सोनं

१ डिसेंबर २०२५, सकाळी ६
आजपासून जबाबदार ग्राहक. काल मोबाईलवर सोन्याच्या खाणींचा व्हिडिओ पाहिला. माणसं चिखलाच्या बोगद्यात उतरतात, काही वर येतच नाहीत. जेवण जाईना. (नंतर गेलं. भरीत होतं.) २६ तारखेला आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं. संगिताला दागिना करायचाय, पण निष्पाप सोन्याचा. ग्राहक जागृती मंचाच्या तालुका सचिवाच्या बायकोच्या गळ्यात कुणाचे हाल लटकायला नकोत. या निर्णयाचा सोन्याच्या भावाशी काहीही संबंध नाही.

३ डिसेंबर
कळमनुरीच्या बाजारात हरीश सोनाराकडे गेलो. तीन प्रश्न टाकले. सोनं कुठून आलं? कष्ट कुणाचे? त्यांची संमती होती का? तो म्हणाला, सोनं नांदेडहून येतं. नांदेडला खाण नाही, एवढंही ठाऊक नाही या माणसाला. मग हॉलमार्क दाखवू लागला. हॉलमार्क सोन्याची शुद्धता सांगतो, धंद्याची नाही, हे त्याला अर्धा तास समजावलं. दोन गिऱ्हाइकं उठून गेली. विचार करायला गेली असणार.
शेवटी हरीश कंटाळला. म्हणाला, घरची मोड आणा सर, जुनं आटवून नवं करून देतो, कुणाची तकलीफच नको.
शहरातले लोक ज्याला रिसायकल्ड गोल्ड म्हणून मिरवतात, ते आमच्याकडे कपाटात पडून आहे!

८ डिसेंबर
संगिताची एकदाणी. बावीस मणी. लग्नात तिच्या आईनं घातलेली. दसऱ्याला एक दिवस गळ्यात, बाकी वर्षभर आईच्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून. न वापरता वस्तू अडवून ठेवणं हाही गुन्हाच. संगिताला विचारणार होतो, पण मग सरप्राइज कसलं? ती दळण घेऊन गेली तेव्हा काढली. पुरचुंडीत साधारण तेवढ्याच वजनाच्या सुपाऱ्या बांधल्या. ही फसवणूक नव्हे, पॅकिंग.

१० डिसेंबर
हरीशनं माझ्यासमोर आटवली. मण्यांच्या पोटात निम्मी लाखच निघाली. आटवण्याआधी त्यानं विचारलं होतं, वहिनींना माहीत आहे ना? गिऱ्हाइकाच्या घरगुती बाबीत पडू नये, असं सुनावलं.
सासूबाई अंगठेबहाद्दर. कुणीतरी लाख विकली बिचारीला. वाईट वाटलं. भाषणाला उदाहरण मात्र झकास मिळालं.

१८ डिसेंबर
चेन तयार. पेंडंटला लॅबमधला हिरा. खाण नाही, मजूर नाही. जरा बारीक दिसते. नैतिक वस्तू बारीकच असणार. हरीश दाखला लिहून देईना, म्हणून मीच टाईप केला:
सोनं कुठून आलं: स्वतःच्या घरातून.
कष्ट कुणाचे: कुणाचेही नाहीत.
संमती: लागू नाही.
खाली सही, मंचाचा शिक्का. लॅमिनेशनवाला गावाला गेलाय. या देशात एक काम वेळेवर होत नाही.

२४ डिसेंबर, संध्याकाळी ७
ग्राहक दिन. श्रोते सव्वीस. सासूबाई, म्हणजे मालनबाई, लग्नाच्या वाढदिवसासाठी पुसेगावहून आलेल्या. संगितासोबत पहिल्या रांगेत. भाषण रंगलं. नाव न घेता सांगितलं: एका अडाणी बाईनं लाख भरलेले बावीस मणी सोनं समजून घेतले, पंचवीस वर्षांनी तिच्या जागरूक जावयानं एकदाणी आटवली तेव्हा ठकबाजी उघडी पडली. टाळ्या. मग चेन घालायला संगिताला स्टेजवर बोलावलं. ती उठली नाही. सासूबाई उठल्या.
"लाख व्हती, मला ठाऊक व्हतं, जावईबापू. पोरगी झाली त्या सालापासून दर सुगीला कापूस येचून एक मणी घेतला. भरीव घेतले असते तर धा बी झाले नसते."
आवाज चढवला नाही. मग विचारलं, "आता कुठं हायेत ते मणी?"
मी चेनकडे बोट दाखवलं. अध्यक्षांनी घाईनं आभार मानले.

२५ डिसेंबर
संगिता आईबरोबर पुसेगावला गेली. चेनची डबी घरीच. सुपाऱ्या ओट्यावर ओळीनं मांडून ठेवल्यात. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा मला तिची भीती वाटली. चार दिवसांत येईल.

२६ डिसेंबर
चेन घेऊन हरीशकडे गेलो. म्हटलं, याचे परत मणी कर. तो म्हणाला, तसे लाखेचे मणी घडवणारा कारागीर आता राहिला नाही. आटवलं तर पुन्हा घट येणार, आणि लॅबच्या हिऱ्याला मोडच नाही. मी हिऱ्याच्या कंपनीकडे तक्रार करणार आहे. कसली, ते ठरवतो.

३१ डिसेंबर
आली नाही. फोन उचलत नाही. लॅमिनेशनवाला परत आला म्हणून दाखला काढला. जाण्याआधी संगितानं निळ्या पेननं दुरुस्त केलाय. माझी उत्तरं एकेक रेघ मारून खोडलीत.
सोनं कुठून आलं: पुसेगावच्या रानातून.
कष्ट कुणाचे: मालनबाईंचे.
संमती: विचारलं नाही.
दोनदा तपासला. एकही ओळ चुकीची नाही. खाली सही माझी आहे, शिक्काही.