बिनसावलीचा झगा

३ मार्च, सोमवार
रोजनिशी एक जानेवारीला सुरू करणार होतो. तेव्हा वही नव्हती. वही आणली तेव्हा पेन नव्हतं. मग दोन्ही होतं, पण मूड नव्हता, आणि फेब्रुवारी मुळातच आखूड महिना. असो. आज सुरू. हे कुणी वाचायचं नाही, मीसुद्धा.

मुद्दा असा की हा महिना संपला की मी लाँड्रीत इस्त्री करणारा माणूस राहणार नाही. सगळं लिहून ठेवतो, पुढे मुलाखत द्यावी लागली तर बरं.

ऑनलाइन गेम आहे. त्यात एक मोठं शहर, नदी, पूल, हजारो लोक. माझ्या माणसाच्या अंगावर राखाडी झगा आहे. त्याने ताकद वाढत नाही, वेग वाढत नाही, काहीच होत नाही. नुसता दिसतो. पण तो घातला की सावली पडत नाही. कंपनीची चूक. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती दुरुस्त केली, पण वाटून झालेले झगे परत घेतले नाहीत. वाटून झालेले एकूण दोन. एक माझा, एक अक्काचा.

अक्का म्हणजे गेममधली अक्का. कधी पाहिली नाही. हेडफोनमधला आवाज तेवढा ओळखीचा. सप्टेंबर संपल्यापासून ती आलेली नाही. सहा महिने कुणी फिरकलं नाही की कंपनी अकाउंट बंद करते, कपड्यांसकट. म्हणजे ३१ मार्चच्या संध्याकाळी अक्काचा झगा पुसला जाणार आणि माझा जगात एकटा उरणार. गिऱ्हाईक तयार आहे. त्याला सगळे शेठ म्हणतात, दुर्मिळ कपडे जमवतो. त्याचं म्हणणं, दोन असले तर ती जोडी, एक असला तर तो ऐवज.

अक्काचा फोन नंबर माझ्याकडे आहे. एक फोन करून आठवण देता येईल. पण लोकांना उगीच त्रास द्यायचा माझा स्वभाव नाही.

५ मार्च, बुधवार
मालकीणबाईंना झग्याचं सांगितलं. लाँड्री त्यांची, वरचा पोटमाळा त्यांचा, मी दोन्हीकडचा, तेव्हा कळवलेलं बरं. त्यांनी पहिलं विचारलं, ऊबदार आहे का. नाही म्हटलं. धुवायला कसा? धुवावा लागत नाही. मग त्या बराच वेळ एका कॉलरकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, आपल्याकडे बटण तुटलं तर लोक दुकान डोक्यावर घेतात, आणि तुमच्याकडे सावली तुटली तर जास्त देतात?

बाई हुशार आहेत, पण मार्केट कळत नाही. किंमत कापडाची नसतेच. किंमत 'तुझ्याकडे नाही' याची असते. हे वाक्य फार जमलंय. मुलाखतीत वापरायचं.

८ मार्च, शनिवार
नवीन धोरण: झगा घालायचा नाही. मौल्यवान वस्तू लोक कपाटात ठेवतात. तीन दिवस साध्या सदऱ्यात शहरभर हिंडलो. कुणाच्याही लक्षात आलं नाही.

दुपारी धोरण बदललं. जी वस्तू कुणी बघत नाही तिची किंमत कोण करणार? झगा चढवला आणि पुलावर मधोमध उभा राहिलो. एक नवखा आला, माझ्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि लिहिलं, दादा, तुमचं ग्राफिक्स कार्ड गेलंय.

अक्का असती तर त्याची खरडपट्टी काढली असती. फक्त नोंद म्हणून लिहिलं.

११ मार्च, मंगळवार
शेठला वस्तूचा इतिहास हवा आहे. मागे गोष्ट असली की भाव चढतो म्हणे. (मधले दोन दिवस इतिहास लिहिण्यात गेले नाहीत. एक जुना रेडिओ सापडला, तो उघडला. आता तो बंद होत नाही, सारखा खरखरतो. तेही बघायचंय.)

तर इतिहास. गेममध्ये राज्याभिषेक होता, पुलावर सगळ्यांना सोनेरी झगे मिळणार होते. सर्व्हर बसला. सगळे वैतागून निघून गेले. मी नाही गेलो, कारण मी अक्काला ट्रकवरची नोकरी कशी सुटली ते सांगत होतो, आणि ट्रकच्या आधी स्टेजवर लाइट लावायचो ते, आणि त्याच्या आधी बोटीवर भांडी. अक्का म्हणाली, सर्व्हर जाऊ दे, तू पुरं कर. तिने सगळं ऐकलं. मध्ये एकदाही 'मग पुढे काय ठरवलंस' विचारलं नाही. माझं बोलून संपलं आणि सर्व्हरने झटका दिला. रिकाम्या पुलावर आम्ही दोघं, अंगावर अर्धवट झालेले राखाडी झगे, खाली सावल्या नाहीत.

तात्पर्य: बडबड फायद्याची असते. शेठला पाठवताना अक्काचा भाग काढला. लांबत होतं.

१४ मार्च, शुक्रवार
शेठने विचारलं, ती दुसरी बाई मेली का.

असं सरळ विचारतात का? मला फार राग आला. माणुसकी नावाची गोष्ट असते की नाही, असं मी लिहिलं. मग लिहिलं की समजा, तसं असेल तर भावात काही फरक पडेल का.

पडेल म्हणाला. मेलेल्या माणसाचा झगा परत येत नाही. नुसती आळशी बाई कधीही उगवू शकते. खात्री करून कळव.

तेव्हापासून हात धुतोय. स्टार्च चिकट असतो.

१६ मार्च, रविवार
उद्या अक्काला फोन करायचा. निव्वळ विचारपूस. रविवारी करत नाहीत, लोक घरी असतात.

१७ मार्च, सोमवार
केला. एक रिंग झाली आणि ठेवला. एका रिंगमध्ये उचलला नाही याचा अर्थ ती कामात आहे. कामात आहे म्हणजे बरी आहे. विषय संपला.

शेठला कळवलं, चौकशी चालू आहे.

१९ मार्च, बुधवार
आज ती दिसली. पुलाच्या पलीकडच्या कठड्याशी कुणीतरी पाठमोरं उभं, आणि पायाशी सावली नाही. माझ्या हातातला चहा कीबोर्डवर. पळालो, म्हणजे माझ्या माणसाला पळवलं, पार बाजारापर्यंत. तिथेही कुणालाच सावली नाही. भाजीवाला, शिपाई, कुत्रा, कुणालाच. मग लक्षात आलं, गेममध्ये बारा वाजले होते. ऊन डोक्यावर.

परत जाऊन बघितलं. कठड्याशी उभा होता तो पुतळा. तीन वर्षं तिथेच आहे.

कीबोर्डचा 'क' चालत नाही. तिचं नाव लिहिता येत नाही.

हल्ली रस्त्यावरून जाताना माझी सावली आहे का ते बघायची सवय लागलीय. आहे. कधी मागे असते, तेव्हा जरा थांबावं लागतं, एवढंच.

२२ मार्च, शनिवार
दुकानाच्या मागच्या खोलीत एक लांब दांडी आहे. कुणी न्यायला न आलेले कपडे तिथे लटकतात, प्लास्टिकच्या पिशव्यांत. पंखा लावला की पिशव्या आत-बाहेर होतात, श्वास घेतल्यासारख्या. मी पंखा बंदच ठेवतो. उकडतं, पण ठीक आहे.

मालकीणबाईंना म्हटलं, पावतीवर तर छापलंय, सहा महिन्यांनंतर माल आमचा. मग विकून टाका की. त्या म्हणाल्या, ते लोकांनी लवकर यावं म्हणून छापलंय. म्हटलं, आणि नाहीच आले तर? त्या म्हणाल्या, मग त्यांना काय झालं असेल ते आधी कळायला हवं ना. एका कोटाची पिशवी फाटली होती, ती बदलून त्या पुढे गेल्या.

धंदा असा होत नाही. नियम म्हणजे नियम.

२४ मार्च, सोमवार
मोठं पाऊल. मालकीणबाईंना सांगितलं, एक तारखेपासून मी नाही. त्या बरं म्हणाल्या. इतक्या चटकन बरं म्हणायचं कारण नव्हतं. दुपारपर्यंत नवा इस्त्रीवाला ठरला, त्याला पोटमाळाही हवाय.

दादाला फोन करून सांगितलं की मी गुंतवणुकीच्या क्षेत्रात गेलोय. दादा म्हणाला, कशात गुंतवलंस? म्हटलं, वस्त्रोद्योग. तो म्हणाला, वहिनी विचारतेय, झोप लागते का तुला. असल्या प्रश्नांमुळेच माणूस घर सोडतो.

२६ मार्च, बुधवार
शेठ घाई करतोय. खात्री दे म्हणतो, नाहीतर अर्धाच भाव.

फोन लावला. या वेळी ठेवला नाही. कुणीतरी उचलला. खुर्ची सरकल्याचा आवाज, मग म्हाताऱ्या पुरुषाचा आवाज. कोण हवंय, विचारलं. माझ्या तोंडून निघालं, "राँग नंबर."

मीच फोन करून मीच राँग नंबर म्हणालो. तिकडून तो माणूस म्हणाला, "असू दे. बोला तरी."

ठेवला.

अक्का तिच्या नवऱ्याचं सांगायची. आमच्या ह्यांना गेम म्हणजे पोरखेळ वाटतो, मी खेळायला बसले की शेजारी बसून पेपर मोठ्याने वाचतात. तेच असणार. ती आंघोळीला गेली असेल. बायका फोनजवळ थोड्याच बसलेल्या असतात.

२९ मार्च, शनिवार
व्यावसायिक पद्धतीने काम केलं. पुन्हा फोन लावला आणि म्हणालो की मी एका सर्व्हेसाठी बोलतोय. आवाज जाड काढला. त्यांना शंका आली नाही. उलट बसतो म्हणाले, पेन आणू का, विचारलं. मी म्हटलं, पेन मला लागतं, तुम्हाला नाही.

प्रश्न तयार नव्हते. परिसर स्वच्छ आहे का? बरा आहे म्हणाले. पाणी वेळेवर येतं का? येतं, पण आता एवढं लागत नाही. मग मी विचारलं, घरात माणसं किती?

ते मोजत असल्यासारखे थांबले. मग म्हणाले, "दोन लिहू नका. एक लिहा. ऑक्टोबरपासून एक."

मी लिहिलं. खरंच लिहिलं, हाताखाली पावती होती, तिच्यावर एक लिहिलं.

पुढचा प्रश्न सुचेना, तर त्यांनीच विचारलं. तिचा कॉम्प्युटर आहे, रोज पुसतो, त्यात ती कुठल्याशा पुलावर जायची. तो चालू करून तिथे कसं जायचं, हे तुमच्या सर्व्हेत येतं का? मी म्हटलं, ते डिपार्टमेंट वेगळं.

आभार मानले त्यांनी. मला म्हणाले, वेळ दिलात.

बातमी व्यावसायिकदृष्ट्या उत्तम आहे. शेठला कळवायची आहे. उद्या कळवतो. 'क' चालत नाही.

३० मार्च, रविवार
कळवलं. शेठने अंगठा पाठवला.

जेवलो नाही. भूक नव्हती. बाकी सगळं ठरल्याप्रमाणे.

३१ मार्च, सोमवार
सकाळी ११. सामान बांधलं. एक बॅग, रेडिओ. रेडिओ अजून खरखरतोय. नवा इस्त्रीवाला खाली येऊन बसलाय, माझी इस्त्री तापवून बघतोय.

दुपारी ३. लॉगिन केलं. शेठ पुलावर आलाय, लाल मखमल, डोक्यावर पिसं. पाच वाजता कंपनी अकाउंट बंद करणार, पाच वाजून एक मिनिटाने सौदा. मी भाषण तयार ठेवलंय, किंमत कशाची असते त्यावर. शेठ म्हणाला, भाषण नको, नीट उभा राहा, फोटो काढतो.

४.२०. मित्रांच्या यादीत अक्काचं नाव हिरवं झालं.

स्क्रीन पुसली. हिरवंच.

४.३०. पुलाच्या टोकाला राखाडी झगा. ऊन तिरपं आहे, कठड्याची सावली आहे, पुतळ्याची आहे, त्याची नाही. पण अक्का पळत यायची, आणि हा झगा कठड्याला धडकून जागच्या जागी चालतोय. मग मागे मागे येतो, मग पुन्हा कठडा. कंपनीचं रिमाइंडर गेलं असेल त्या घरी. पासवर्ड कसा सापडला देव जाणे.

शेठने मला एकट्याला लिहिलं: कुणीतरी अडाणी दिसतोय. झगा नष्ट करायचं बटण सांग त्याला, म्हण हेच चालायचं बटण आहे. दाबेल. आपलं काम होईल.

बरोबर आहे. दाबेल. मी सांगेन ते दाबेल.

४.४०. हेडफोन लावला. 'कोण' एवढंच विचारलं, जाड आवाज काढायचा राहून गेला. तरी तिकडून ओळखलंच. "सर्व्हेवाले का?" म्हणाले. "बघा, तुमचं डिपार्टमेंट सापडलं."

मी हो म्हटलं. मग नाही म्हटलं. मग सांगितलं की मी तिचा भोवरा, गेममध्ये ती मला याच नावाने हाक मारायची, आणि कठड्यापासून आधी मागे या. शेठ गेला. जाताना लिहून गेला, दोन झाले, जोडी विकत घेत नाही मी.

खालून मालकीणबाई हाका मारताहेत, खोली रिकामी झाली का विचारताहेत. नाही झाली. त्यांना सांगायचंय की आत्ता निघता येणार नाही. अक्काचे यजमान आलेत, आणि त्यांना अजून वळता येत नाही.