मागच्या खोलीत सांगा

सोमवार, ३ तारीख
कवळ्या बनवणाऱ्या कारखान्यात आज रुजू झाले. माझी चौथी नोकरी. आधीच्या तिन्ही माझ्या तोंडामुळे गेल्या. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं आई उगाच म्हणत नाही. खरं सांगायचं तर भांडून भांडून थकले आहे. इथे उजेड भरपूर, माणसं पाच आणि सगळी मवाळ. मालकीणबाईंनी आल्या आल्या मापवाल्या बाईंना माझ्या दातांचं माप घ्यायला लावलं आणि प्लॅस्टरचा जबडा करून घेतला. प्रत्येकाचा असा जबडा मागच्या खोलीत फळीवर असतो. कुणाबद्दल तक्रार असेल तर त्याच्या तोंडावर बोलायचं नाही. जेवणाच्या सुट्टीत जाऊन त्याच्या जबड्याला सांगायचं. मला हसू आलं. पण वाद टळत असतील तर हेही चालेल.

गुरुवार, ६
मी मेणाचं काम करते. शेजारी पॉलिशवाले काका. त्यांच्या मशीनची भुकटी माझ्या मेणावर बसते. दोनदा ओठांवर आलेलं गिळलं. शेवटी मागे जाऊन त्यांच्या जबड्याला सांगितलं.

शुक्रवार, ७
काकांनी मशीन भिंतीकडे फिरवलंय. इतकं सोपं होतं तर मी तीन नोकऱ्या कशाला घालवल्या?

मंगळवार, १८
सवयच लागली. गुणगुणू नका, म्हटलं. बंद. माझ्या वाटणीच्या दोन कवळ्या घासून द्या. दिल्या. मऊ लागलं की माणूस कोपराने खणतो, मीही खणलं. आज त्यांचा जबडा नीट पाहिला. पुढचे चार दात नाहीत. मोडलेले नाहीत, झिजलेत.

गुरुवार, २०
काका आता सगळ्यांचंच काम करतात. काहीही विचारलं की मान डोलावतात. मला माझी लाज वाटते. उद्या माफी मागायची. जबड्याची नाही, माणसाची.

शुक्रवार, २१
मागितली. आयुष्यभर भांडले, पण 'माझं चुकलं' पहिल्यांदाच म्हटलं. काका बराच वेळ नुसते ओठ हलवत राहिले. मग म्हणाले, "माझ्याकडे आता कुणी येत नाही, पोरी. तुझ्या जबड्यापुढे रांग असते."

शनिवार, २२
मालकीणबाई म्हणाल्या, उद्या रविवारीही या. नकार द्यायला तोंड उघडलं — आणि मान डोलावली.

सोमवार, २४
माझा जबडा पाहिला. दोन दात गेलेत. घरी न्यायला उचलला. मापवाल्या बाई शांतपणे म्हणाल्या, जागेवर ठेवा तो. ठेवला.
का ठेवला?

मंगळवार, २५
जेवणाची सुट्टी. सगळे मागच्या खोलीत, माझ्या जबड्यापुढे — काकाही. मी दाराबाहेर. मालकीणबाईंचा आवाज — हिचं वहीत लिहिणं फार झालं, म्हणतात. राग येतोय. अजून येतोय, तेवढं तरी —
आता काकांची पाळी. त्यांचा आवाज किती दिवसांनी इतका स्वच्छ — पोरी म्हणताहेत, मायेने — पोरी, पेन खाली —