चेटकिणीला दिलेली चाल

ता. ४ जून

तीर्थरूप आत्या,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुझ्या मागे पंपांची घरघर असते, म्हणून पत्रच लिहिते. सिनेमा एकदाचा झाला गं! डोळे पार गेले माझे, पण झाला. पोटची पोर तुझ्या जिवावर टाकून मी इकडे चित्रं हलवत बसले, त्याचं काय झालं ते तू आणि पिल्लू दोघींनी बघा. तिकिटं सोबत आहेत.

मी कॅमेरा घेऊन तुझ्या पंपदुरुस्तीच्या वर्कशॉपात मागे मागे फिरायचे आणि तू मला हाकलायचीस, आठवतं ना? विमान दुरुस्त करणारी बाई आणायची होती मला, अगदी तुझ्यासारखी. पुढे गोष्टीत थोडे बदल झाले. पण तुझं चालणं तंतोतंत उतरलंय, बघशीलच.

पिल्लूला ग्रीसमध्ये हात घालू देऊ नकोस. वह्यांवर ठसे उमटवते. लोभ आहे तो असाच राहू दे.

तुझी,
चित्रू

ता. १९ जून

चि. चित्रूस,
अनेक आशीर्वाद.

सिनेमा पाहिला. ठेवणीतले कपडे काढून गेले होते. पिल्लूने शेजारच्या पोरांना आधीच सांगून ठेवलं होतं, की यात आमची आजी आहे.

विमान दुरुस्त करणारा तो सडपातळ मामा देखणा आहे. त्याचे हात मी लगेच ओळखले. पान्हा उचलण्याआधी तळहात मांडीला पुसायचा, ही माझी सवय. ती त्याला दिलीस. आणि पाय दिलास चेटकिणीला. अंगावर पंपाची मोटर पडून गुडघा गेला तेव्हापासून मी एक पाय टाकते नि दुसरा ओढते. ती पण तशीच चालते. काळी, जाडजूड, ओठावर लव, आणि पोरं पळवणारी.

चांगली माणसं तेवढी सगळी गोरी, आणि पुस्तकातून वाचल्यासारखी बोलतात. आमच्या गल्लीसारखं बोलते ती एकटी चेटकीण. बंद पडलेल्या पंपाला मी म्हणते ना, ऊठ गं बाई, किती निजशील? तेसुद्धा तिच्या तोंडी घातलंस. पोत्यात भरलेल्या पोरांना म्हणते ती ते.

थिएटर हसून हसून लोळत होतं. पिल्लू आधी हसली नाही. मग हसली.

याला थोडे बदल म्हणायचे का गं? ही वाटणी कुणी केली तेवढं कळव. बाकी सगळं ठीक. पोर जेवतेय, झोपतेय.

आशीर्वाद आहेतच.
आत्या

ता. २८ जून

तीर्थरूप आत्या,
शि. सा. न. वि. वि.

तू इतकं मनाला लावून घेशील असं वाटलं नव्हतं. अगं, कार्टून आहे ते! बाई यंत्रं दुरुस्त करते हे मुलांना पटणार नाही, खेळणी खपणार नाहीत, असं वरच्यांनी ठरवलं. मी भांडले, पण माझं कोण ऐकतंय? तुझं चालणं तरी फुकट जाऊ नये म्हणून ते चेटकिणीला द्यायचं मीच सुचवलं. बैठकीत तुझं चित्रण लावलं तेव्हा सगळ्यांना इतकं आवडलं म्हणून सांगू! असेल ते दुप्पट करून दाखवायचं, ही आमच्या धंद्याची रीतच आहे. आणि तिकडे तुला कोण ओळखणार आहे?

चेटकिणीच्या बाहुल्या सगळ्यात जास्त खपताहेत. एक पिल्लूसाठी पाठवलीय. चावी दिली की चालते.

रागावू नकोस. तुझी माया पातळ झालेली मला सोसायची नाही.

तुझी,
चित्रू

ता. १० जुलै

चि. चित्रूस,
आशीर्वाद.

बाहुली पोचली. पिल्लू तिला चावी देऊन फरशीवर सोडते आणि हळूच माझ्याकडे बघते.

मला कोण ओळखणार म्हणतेस. शाळेच्या फाटकाशी सगळे ओळखतात. पोरं माझ्या मागून पाय ओढत येतात, ऊठ गं बाई म्हणून ओरडतात. त्यांच्या आयाही तोंडाला हात लावून हसतात. तुमच्या बैठकीत सगळ्यांना आवडलं ते असंच ना? तू कुठे बघत होतीस तेव्हा?

परवा पिल्लू म्हणाली, "आजी, तू फाटकापर्यंत येऊ नकोस. कोपऱ्यावरच थांब." तिचा काय दोष? मी आता कोपऱ्यावर थांबते.

तुलाही मी याच पायाने शाळेत पोचवलं होतं. माझं बोट धरून तूही एक पाय ओढत चालायचीस. वेडावून नाही काही. माणसं अशीच चालतात असं वाटायचं तुला. बाईंनी घरी निरोप पाठवला होता, पोरीच्या पायाला काही झालंय का म्हणून. मी गल्लीभर सांगत सुटले होते, इतका आनंद झाला होता मला.

पिल्लूला येऊन घेऊन जा. रागाने सांगत नाही असं लिहिणार होते, पण खोटं कशाला लिहू? रागानेच सांगतेय. माझी लाज वाटत वाटत ती माझ्या घरात मोठी व्हायला नको.

येशील तेव्हा दार उघडंच ठेवीन. बाहेरून हाक मार, मी खुर्चीतूनच ओ देईन. तुझ्यासमोर चालत येणार नाही मी.

आत्या